नाताळ एका दिवसाचा, घरोघरची फेरी महिनाभराची : नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा डिसेंबर कसा जातो?

डिसेंबर लागला की राहुरी, नेवासा, शेवगाव, श्रीरामपूर, संगमनेर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत काही घरांवर कागदी तारे दिसू लागतात. दिवस मावळला की कुठल्यातरी वस्तीवरून पेटी आणि ढोलकीचा आवाज येतो. पंधरा-वीस माणसं एका अंगणात उभी राहून गातात, चहा घेतात आणि पुढच्या घराकडे निघतात. शेजारपाजारच्यांना एवढंच ठाऊक असतं की 'ख्रिश्चन लोकांचा सण जवळ आलाय'.

पण नाताळ म्हणजे २५ डिसेंबरचा केक आणि सुट्टी एवढंच नाही. गावातल्या ख्रिस्ती मंडळीसाठी खरा सण त्याआधीच्या चार आठवड्यांत होतो. गाण्याची तालीम, घरोघरची फेरी, मुलांचं नाटक, फराळ, वर्गणी या सगळ्यातून वर्षभर पांगलेली माणसं पुन्हा एकत्र येतात. आजारी कोण आहे, एकटं कोण पडलंय, कोण गाव सोडून गेलंय हे मंडळीला या दिवसांतच कळतं. आणि हेच काम अलीकडे अवघड होत चाललंय, कारण फेरीला निघायला माणसं कमी पडताहेत.

चार रविवार कसे मोजतात?

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला 'आगमन काल' म्हणतात. येशू ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचे हे दिवस. मोजणी सोपी आहे. २५ डिसेंबरच्या मागे जाऊन चार रविवार मोजायचे. त्यामुळे पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, तेव्हा आगमन काल २७ नोव्हेंबरलाच सुरू झाला. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी आला, तेव्हा पहिला रविवार ३ डिसेंबरला आणि चौथा थेट २४ डिसेंबरला पडला. अशा वर्षी तयारीला जवळजवळ एक आठवडा कमी मिळतो, म्हणून फेरीचं वेळापत्रक नोव्हेंबरातच ठरवावं लागतं.

अनेक चर्चमध्ये या काळात हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एकेक जास्त पेटवतात. आशा, शांती, आनंद आणि प्रीती असे चार रविवारांचे विषय बऱ्याच ठिकाणी धरले जातात. रंग जांभळा, कारण हा काळ मनाच्या तयारीचा आहे. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी मेणबत्ती लावतात. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत रविवारच्या मिस्सात गौरवगीत गात नाहीत. ते राखून ठेवतात आणि नाताळाच्या मध्यरात्रीच म्हणतात. १६ डिसेंबरपासून नऊ दिवसांची नोव्हेना असते. सणाआधी कन्फेशन करून घ्यायची रीतही आहे. काही स्वतंत्र मंडळ्या मात्र आगमन कालाचे रंग, मेणबत्त्या हे काही पाळत नाहीत. तिथे थेट प्रार्थनासभा आणि गाण्यांनी सुरुवात होते.

या रीती वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या आहेत. मेणबत्त्यांचं चक्र जर्मनीतलं. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचं वसतिगृह चालवणारे योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत म्हणून ते लावल्याचं सांगतात. गव्हाणीचा देखावा त्याहून खूप जुना. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला होता.

नगरचा नाताळ नगरमध्येच घडला

अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये ठाणं केलं ते डिसेंबर १८३१ मध्ये. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंड भागातून आले होते, तिथल्या जुन्या प्युरिटन लोकांना नाताळ साजरा करणंच मान्य नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. त्यामुळे आज नगरच्या खेड्यांत जो नाताळ दिसतो, तो अमेरिकेहून तयार होऊन आलेला नाही. त्यातलं बरंचसं इथल्या माणसांनी इथल्याच सणांकडे पाहून बसवलं. तारा लावला तो दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा. फराळ तोच. आणि गाणं भजन-कीर्तनाच्या वळणाचं.

१८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर गावोगावच्या मंडळ्या वाढल्या. नेवासा तालुक्यातलं वडाळा हे मिशनचं जुनं ठाणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहुरी आणि संगमनेर भागात जर्मन जेजुइट धर्मगुरूंनी कॅथलिक कामाचा विस्तार केला. आज जिल्ह्यातले कॅथलिक १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात, आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची यात्रा दर सप्टेंबरला भरते. जुन्या मिशनच्या अनेक मंडळ्या १९७० पासून उत्तर भारतीय मंडळीचा, म्हणजे सीएनआयचा, भाग आहेत.

गाण्याच्या बाबतीत दोन नावं घ्यावीच लागतात. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती पदं रचली आणि ख्रिस्ती कीर्तनं केली. त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे नगर, राहुरी इथे अनेक वर्षं काढली. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं खेड्यातल्या माणसाच्या तोंडी बसत नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, भजन अशा घरच्या रूपांत गीतं लिहिली. त्यातली कितीतरी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत आणि आजही म्हटली जातात. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाई टिळकांनी पुरं केलं. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या काळातलं नगर आणि राहुरी भेटतं.

त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत एखाद्या वस्तीवर टाळांच्या ठेक्यावर ख्रिस्तजन्माचं पद ऐकू आलं, तर त्यामागे शंभराहून जास्त वर्षांची रीत आहे.

फेरीचं गणित

बहुतेक गावांत याला 'कॅरल' म्हणतात, कुठे 'भजनाची फेरी', तर कुठे नुसतंच 'घरोघरी जाणं'. बाहेरून पाहताना वाटतं, माणसं जमली आणि निघाली. प्रत्यक्षात त्यामागे नियोजन असतं.

समजा, मंडळीत ६० घरं आहेत. एका घरी पोचणं, दोन गाणी, एक लहानसं वाचन, प्रार्थना आणि निरोप यांना धरून १५ मिनिटं लागतात. संध्याकाळी ७ ते रात्री १० या तीन तासांत १२ घरं होतात, म्हणजे सगळी घरं उरकायला ५ रात्री. पण सगळी घरं गावठाणात नसतात. निम्मी घरं मळ्यात, कालव्याच्या कडेला, दोन-तीन किलोमीटर लांबच्या वस्त्यांवर. तिथे एका रात्रीत सहा-सातच होतात. मग फेरी आठ-नऊ रात्रींवर जाते किंवा दोन पथकं करावी लागतात. दोन पथकं म्हणजे दोन पेट्या, दोन ढोलक्या आणि मुख्य म्हणजे सुरुवात उचलून देणारे दोन गळे.

कामं वाटून घेतलेली असतात. पाळकसाहेब आणि पंच मिळून घरांची यादी करतात. तरुण संघ गाडीची व्यवस्था बघतो. कुणाचा छोटा टेम्पो, कुणाच्या दुचाक्या. महिला मंडळ कोणत्या घरी चहा, कोणत्या घरी जेवण हे आधी विचारून ठेवतं, नाहीतर प्रत्येक घरी चहा होतो आणि शेवटच्या घरी पोचायला अकरा वाजतात. एकजण वर्गणीची वही आणि पावतीपुस्तक सांभाळतो.

यादीचा क्रम कसा लावायचा, यावर दरवर्षी चर्चा होते. सोयीचा क्रम म्हणजे जवळची घरं आधी. पण जुनी जाणती माणसं सांगतात की पहिल्या रात्री लांबच्या वस्त्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरं घ्यावीत. त्यामागे सरळ हिशेब आहे. शेवटच्या दिवसांत घसे बसलेले असतात, मुलं नाटकाच्या तालमीत अडकलेली असतात, थंडी वाढलेली असते. अशा वेळी यादीतलं जे गळतं ते लांबचंच घर गळतं. आणि ज्याला रविवारी चर्चपर्यंत चालत येणं जमत नाही, त्याच्यासाठी वर्षातून एकदा चर्चच त्याच्या अंगणात येणार असतं.

फेरीत गाण्याइतकंच महत्त्व गाण्यानंतरच्या पाच मिनिटांना असतं. 'काकू, गोळ्या चालू आहेत ना?' 'पोरगा येणार का सणाला?' 'रेशनचं काय झालं?' अशी विचारपूस त्याच वेळी होते. कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, कुणाच्या घरात वर्षभरात मयत झालंय, कुणाची सून बाळंतपणाला आलीये, हे पाळकांच्या वहीत उतरतं. ज्या घरात दुःख झालंय तिथे ढोलकी न वाजवता एखादं शांत गीत म्हणायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

ऊस, कांदा आणि कमी पडणारी माणसं

नाताळाआधीचे आठवडे हे जिल्ह्यातल्या शेतीत सगळ्यात गर्दीचे. कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो. लाल कांद्याची काढणी आणि उन्हाळ कांद्याची लागवड एकाच वेळी चालते. गव्हाला पाणी द्यायचं असतं, आणि शेतीपंपाची वीज रात्रीची आली तर घरातला कर्ता माणूस बॅटरी घेऊन शेतात. मंडळ्यांमधली बरीच कुटुंबं मजुरीवर जगणारी. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून काम केलेल्या बाईने संध्याकाळी स्वयंपाक उरकून दोन किलोमीटर चालत गायला जायचं, ही काही सोपी गोष्ट नाही.

जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांचा तर सणच कोपीवर होतो. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि हंगाम मध्यात सोडून येता येत नाही. त्यामुळे गावातल्या मंडळीचा एक भाग ऐन नाताळात कारखान्याच्या आसपास कुठेतरी असतो. ज्या गावाजवळ टोळ्या उतरतात, तिथल्या मंडळीने आपल्या यादीत कोप्याही धरल्या, तर परगावाहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला सणाचं एक गाणं आणि मुलांना मूठभर फराळ मिळतो. त्याला खर्च फारसा येत नाही. फक्त टोळीत कोण कोण आहे हे मुकादमाकडे आधी विचारावं लागतं आणि तोडीची वेळ बघून जावं लागतं.

दुसरी गळती तरुणांची. शिकलेली आणि कंपनीत लागलेली मुलं पुणे, चाकण, रांजणगाव, संभाजीनगर, मुंबईला असतात. सुट्टी मिळते ती २४ तारखेच्या रात्रीपासून. ती येतात तेव्हा फेरी संपलेली असते. पूर्वी वीस जणांचं पथक निघायचं तिथे सहा-सात जण उरले की दोन पथकं करता येत नाहीत. मग घरं कमी केली जातात किंवा टेम्पोवर स्पीकर लावून रस्त्यावरूनच गाणं वाजवत पुढे जायचं असं ठरतं. गाणं ऐकू जातं, पण घरात कुणी शिरत नाही. वर सांगितलेली पाच मिनिटांची विचारपूस त्यात निघून जाते. फेरीचं खरं नुकसान इथे आहे.

यावर काही साधे उपाय मंडळ्यांच्या हातात आहेत. फेरी सलग आठवड्याऐवजी चार शनिवार-रविवारांत वाटली, तर पुण्याहून येणाऱ्यांना एखाद्या रात्री तरी सामील होता येतं. शेजारच्या दोन गावांच्या मंडळ्यांनी आपापली पथकं एकत्र करून एक आठवडा या गावात, एक त्या गावात असं केलं, तर वादक आणि गाणारे दोन्ही पुरतात. आणि जिथे माणसं खरोखरच कमी आहेत, तिथे गाण्यांची संख्या कमी करावी, घरांची नको. एक गाणं आणि एक प्रार्थना एवढं झालं तरी भेट होते.

चाल कोण शिकवणार?

दुसरा प्रश्न गाण्याच्या चालींचा आहे. 'उपासना संगीत' पुस्तकात गीताचे शब्द आहेत, पण खेड्यात ते ज्या चालीवर म्हणतात ती पुष्कळदा माणसाच्या तोंडातूनच पुढे गेलेली असते. एकाच पदाची राहुरीकडची चाल वेगळी आणि शेवगावकडची वेगळी असू शकते. ती माहीत असणारी माणसं आता वयाने साठ-सत्तरीची. तरुणांच्या हातात मोबाईल आहे. त्यावर तयार ट्रॅक मिळतो, हिंदी आणि इंग्रजी कॅरल मिळतात, आणि ट्रॅकवर गाणं सोपं जातं, कारण वादक लागत नाही.

ट्रॅक वाईट असं नाही. लहान मुलांना उत्साह येतो, नाच बसवता येतो. पण फेरीत ज्या म्हातारीच्या दारात गायचं आहे, तिला तिच्या लहानपणचं पद ऐकायचं असतं. ते सुरू झालं की ती खाटेवरून साथ देते. अनोळखी ट्रॅकवर ती नुसती ऐकत बसते. म्हणून दोन्ही ठेवणं हा मधला मार्ग. प्रत्येक घरी एक नवं आणि एक जुनं.

जुन्या चाली टिकवायच्या तर तालमीला जुन्या माणसांना बोलवावं लागेल. नोव्हेंबरच्या शेवटी दोन-तीन संध्याकाळी पेटीवर बसून दहा पदं बसवली तरी महिनाभर पुरतात. तेव्हाच मोबाईलवर आवाज भरून घ्यावा आणि पदाचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव आणि गाव लिहून ठेवावं. अनेक गावांत गावच्या भजनी मंडळातला ढोलकीवाला किंवा पखवाजवाला ख्रिस्ती नसूनही तालमीला येऊन बसतो. ठेका त्याच्या ओळखीचाच असतो. शिकण्यासाठी याहून चांगली सोबत नाही.

मुलांचं नाटक आणि गोठा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रविवारच्या शाळेत नाटकाची तालीम सुरू होते. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कैसराचा हुकूम निघतो की प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन नावनिशी करावी. योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघतात. उतारशाळेत जागा नसते, बाळ गव्हाणीत ठेवलं जातं. रानात मेंढरं राखणाऱ्यांना पहिली बातमी कळते.

नगर जिल्ह्यात या नाटकाला वेगळं नेपथ्य लागत नाही. मेंढपाळ झालेली पोरं खांद्यावर खरी घोंगडी घेतात आणि हातात खरी काठी. डिसेंबरात धनगरांचे वाडे शिवारात उतरलेले असतातच. पोटासाठी गाव सोडणं आणि रात्री निवारा शोधणं हेही इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र नाटकात हमखास चुकते. पूर्वेकडून आलेले मागी लोक तीनच होते असं शुभवर्तमानात कुठेही नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटींवरून 'तीन राजे' ही समजूत रूढ झाली. त्यामुळे मुलं जास्त असतील तर पाच मागी केले तरी चालतं. कुणाला 'तुला पार्ट नाही' असं सांगायची वेळ येत नाही.

गोठा करताना कडबा, गवत, बांबू, माती हे सगळं गावातच मिळतं. कॅथलिक घरांत बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. तोवर गव्हाणी रिकामी असते आणि मुलं रोज डोकावून बघतात.

फराळ आणि शेजार

नाताळाचा फराळ आणि दिवाळीचा फराळ यांत फारसा फरक नाही. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे. जोडीला केक किंवा नानकटाई, जी पुष्कळ घरांत पीठ-साखर-तूप नेऊन बेकरीत भाजून आणतात. करंज्यांचं काम एकटीचं नाही. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असं महिला मिळून करतात. शेजारची बाई दिवाळीत ख्रिस्ती घरात ताट पाठवते, तेच ताट नाताळाला भरून परत जातं. ज्या घरी वर्षात मयत झालंय तिथे कढई चढत नाही, अशा घरी फराळ बाकीच्यांनी पोचवायचा असतो.

वर्गणीचा हिशेब

फेरीत घरटी पाकीट मिळतं. कुठे दहा रुपये, कुठे पाचशे. पाकिटासाठी फेरी नसते, पण पैसा जमतो हे खरं, आणि कुरबुरीही त्यावरूनच होतात. रोषणाई, मुलांची बक्षिसं, २५ तारखेनंतरचं प्रीतिभोजन आणि गरजूंना घोंगडी-साड्या असे खर्चाचे ठरलेले रस्ते आहेत. किती भाग कशाला हे फेरीच्या आधी ठरवलं, दोघांनी मिळून रोज रात्री मोजलं आणि शेवटच्या रविवारी उपासनेनंतर जमाखर्च वाचून दाखवला, तर वाद उरत नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरातून पाकीट आलं नाही तर यादीत तशी खूण करू नये. मोठ्याने नावं आणि रकमा वाचण्याची पद्धत असली, तर पुढच्या वर्षी गरिबाचं दार फेरीच्या वेळी बंद मिळण्याची भीती असते.

रात्री निघताना हे ध्यानात ठेवा

स्पीकर : ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. ते दिवस कोणते हे जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं काय आहे हे पोलीस ठाण्यात आधी विचारून परवानगी घ्यावी. पेटी-ढोलकीवरच्या गाण्यासाठी स्पीकर लागतही नाही. फेरीचे दिवस आणि रस्ता पोलीस पाटलांना कळवून ठेवला तर बरं.

रस्ता : या दिवसांत रात्री उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. पथकाने रस्त्याची एकच बाजू धरावी, पुढच्या आणि मागच्या माणसाच्या हातात बॅटरी असावी, लहान मुलं मध्ये. टेम्पोत उभ्याने माणसं कोंबू नयेत.

आग आणि वीज : गोठ्यातला कडबा आणि पेटती मेणबत्ती एकत्र नको; छोटा एलईडी दिवा पुरतो. ताऱ्याची वायर उघडी जोडू नये. पहाटेच्या दवाने पत्र्याच्या घरात करंट उतरतो.

तब्येत : डिसेंबरच्या रात्री नगरकडे थंडी चांगलीच असते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला गाण्यासाठी अंगणात बाहेर काढू नये. पथकातल्या दोघा-तिघांनी आत जाऊन हळू आवाजात गावं.

२४ ची रात्र

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या एसट्या भरून येतात. मोठी पोरं, सुना, नातवंडं घरी पोचतात. कॅथलिक चर्चमध्ये मध्यरात्रीचा मिस्सा होतो, अनेक ठिकाणी तो आता लवकर, नऊ-दहाला घेतात. सीएनआय आणि इतर मंडळ्यांत मुख्य उपासना २५ च्या सकाळी. मग नाटक, बक्षिसं, कुठे त्याच दिवशी तर कुठे आठवडाभरात प्रीतिभोजन, आणि ३१ ला वर्ष संपवण्याची रात्रीची उपासना.

त्या दिवसांत मुलं गावात असतात. फेरी त्यांच्याशिवाय झालेली असली, तरी वहीतली यादी शिल्लक असते. कुणाकडे जाणं राहून गेलं, कोण आजारी आहे, कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन आणायचंय, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. काही घरं २६ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान त्यांच्यासाठी राखून ठेवता येतात. नाताळाचा काळ चर्चच्या पंचांगात २५ तारखेला संपत नाही, त्याच दिवशी सुरू होतो. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत गाणी चालतात.

आणि जे ख्रिस्ती नाहीत, पण ज्यांच्या शेजारी हे सगळं चालतं, त्यांनी काय करावं? पथक अंगणात आलं तर थांबून ऐकावं, चहा द्यावासा वाटला तर द्यावा. गाणाऱ्यांना त्यात आनंदच असतो. ढोलकी येत असेल तर तालमीला जावं. आणि आपल्या आळीतलं एखादं ख्रिस्ती म्हातारं जोडपं एकटं राहत असेल, तर ते यादीत आहे ना, एवढं पाळकसाहेबांच्या कानावर घालावं.